टीव्हीला काठ कशाला?

पत्र

ताई,

पुढच्या महिन्यात बाबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्यांना अजूनही डीव्हीडीच लागते. कव्हर हातात घ्यायचं, मागचा मजकूर चष्मा लावून वाचायचा, मग डिस्क लावायची, असा त्यांचा शिरस्ता आहे. म्हणून भेट म्हणून त्यांच्या आवडीचे तीन चित्रपट घ्यायचं ठरवलं: एक इंग्रजी युद्धपट, एक १९६० च्या आसपासचा हिंदी सिनेमास्कोप (रुंद पडद्याचा चित्रपट) आणि एक १९३० च्या दशकातला मराठी संतपट.

अडचण अशी की घरातला जुना चौकोनी टीव्ही गेला आणि रुंद आला. तेव्हापासून पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की बाबांचा पारा चढतो. "टीव्हीला काठ कशाला लावलेत? साडी आहे का ती?" युद्धपट वाइडस्क्रीन आणि फुल स्क्रीन अशा दोन्ही आवृत्त्यांत मिळतोय. नवरा म्हणतो, फुल स्क्रीन घे आणि मोकळी हो, या वयात त्यांना काय शिकवायला जातेस? धाकटा भाऊ स्वतःला सिनेमाचा जाणकार समजतो. त्याच्या मते फुल स्क्रीन घेणं म्हणजे पाप, तिन्ही वाइडस्क्रीनच घे. परवा जेवताना दोघांची यावरून चांगलीच जुंपली. मी कुणाचं ऐकू?

— काठांमध्ये अडकलेली

उत्तर

प्रिय काठांमध्ये अडकलेली,

आधी निकाल सांगून टाकते. युद्धपट वाइडस्क्रीन घ्या. सिनेमास्कोपही अर्थातच वाइडस्क्रीन. संतपटाच्या कव्हरवर मात्र वाइडस्क्रीन असं छापलेलं दिसलं तर ती डिस्क होती तिथे परत ठेवा. म्हणजे नवरा चुकला आणि भाऊही चुकला. बाबांनी विचारलं ते मात्र रास्त आहे. इतकी वर्षं काळ्या पट्ट्या बघणाऱ्या कितीजणांनी त्या का आहेत हे विचारलं असेल?

नवऱ्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो तुमच्या टीव्हीवर दोन मिनिटांत निकालात निघतो. फुल स्क्रीन हे नाव जुन्या चौकोनी टीव्हीच्या हिशेबानं पडलं. तो टीव्ही ४:३ होता, म्हणजे चार वीत रुंद तर तीन वीत उंच. फुल स्क्रीन डिस्कवरचं चित्र त्या मापात बसवलेलं असतं. तुमचा नवा टीव्ही १६:९ आहे. त्याच्यावर ४:३ चं चित्र लावलं की डावी-उजवीकडे दोन काळे खांब उभे राहतात आणि पडद्याचा बरोबर पाव भाग काळा राहतो. आता सिनेमास्कोपच्या मापाचा, म्हणजे २.३५:१ चा वाइडस्क्रीन चित्रपट त्याच टीव्हीवर लावा. वर-खाली मिळून काळं किती दिसेल? साधारण २४ टक्के.

तिकडे २५, इकडे २४. आडवे काठ जाऊन उभे खांब येणार, बाबांचा पारा आहे तिथेच राहणार, आणि वर त्या दोन खांबांच्या मधल्या चित्रातून दिग्दर्शकानं घेतलेली ४३ टक्के रुंदी आधीच छाटलेली असणार. शेकडा त्रेचाळीस! निम्म्याला थोडं कमी. हा सौदा ज्याला परवडतो त्यानं खुशाल करावा.

युद्धपट १.८५:१ चा असेल तर हा वाद उरतच नाही. त्या मापाचं चित्र १६:९ वर जवळजवळ पूर्ण भरतं, वर-खाली मिळून चार टक्क्यांची बारीक रेघ राहते आणि पुष्कळ टीव्हींवर तीही दिसत नाही. तेव्हा कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला आकडा आधी शोधा. समोरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा तो आकडा जास्त खरं बोलतो.

सगळा घोळ 'फुल' या शब्दानं घातला आहे. फुल म्हणजे पूर्ण, पण पूर्ण काय? टीव्हीचा पडदा पूर्ण. चित्र पूर्ण नाही. मीही एकदा या शब्दाला फसले आहे. दोन आवृत्त्या शेजारी ठेवलेल्या, किंमत सारखी, मग 'पूर्ण' सोडून 'रुंद' कोण घेईल? मी ऐटीत फुल स्क्रीन घेतली. त्या चित्रपटात एक नवरा-बायको लांबलचक जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडतात. थिएटरात पाहिलं होतं तेव्हा दोघंही सतत दिसत होते. एक बोलताना दुसऱ्याच्या तोंडावर काय होतं ते बघण्यातच त्या प्रसंगाची गंमत होती. माझ्या डिस्कवर आधी नवरा दिसला, मग बायको, मग पुन्हा नवरा, आणि अधूनमधून दोघांच्या मधली फुलदाणी. भांडण झालं की नाही तेसुद्धा आवाजावरूनच ओळखायचं.

या प्रकाराला पॅन अँड स्कॅन म्हणतात. रुंद चित्रावर एक अरुंद चौकट ठेवायची आणि ती गरजेप्रमाणे डावी-उजवीकडे सरकवायची. चौकट कुठे ठेवायची ते बहुतेक वेळा चित्रपट व्हिडिओवर उतरवणारा तंत्रज्ञ ठरवतो. संवाद कोण बोलतंय, मारामारी कुठे चाललीय, तिकडे चौकट न्यायची. दोन माणसं दोन टोकांना असली की एक तर चौकट घसरत न्यायची, नाहीतर मध्येच कट मारायचा. म्हणजे दिग्दर्शकानं कॅमेरा हलवला नव्हता तिथे तो हलतो आणि संकलकानं कापलं नव्हतं तिथे कापलेलं दिसतं. अशा कॅसेट आणि डिस्कच्या सुरुवातीला एक इंग्रजी पाटी यायची की हा चित्रपट तुमच्या पडद्यावर बसावा म्हणून मूळ रूपापेक्षा बदललेला आहे. आपण ती पाटी संपायची वाट बघत बसायचो. वाचत कोण होतं?

दिग्दर्शकांना हे सहन होत नव्हतं. वुडी ॲलन यांनी १९७९ चा 'मॅनहॅटन' घरगुती व्हिडिओवर आणताना रुंद चौकट न कापण्याचा आग्रह धरला, आणि त्या काळात, सगळ्यांकडे चौकोनी टीव्ही असताना, तो पट्ट्यांसकट बाजारात आला. सिडनी पोलॅक तर आपला चित्रपट छाटून दाखवला म्हणून डेन्मार्कच्या न्यायालयापर्यंत गेले. तुमच्या भावाचा आवेश कुठून येतो ते यावरून कळेल. पण त्याच्याकडे नंतर येते.

चित्रं रुंद झाली ती मुळात टीव्हीमुळेच. मूकपटांची चौकट ४:३ च होती. एडिसनच्या प्रयोगशाळेत त्याचा सहायक डिक्सन यानं ३५ मिलिमीटरची फिल्म घेऊन तिच्या कडेच्या चार छिद्रांच्या उंचीचं एक चित्र ठरवलं आणि ते माप जगभर रुजलं. बोलपट आल्यावर फिल्मच्या कडेला आवाजाच्या पट्टीसाठी जागा द्यावी लागली, थोडी ओढाताण झाली आणि १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीनं १.३७:१ हे माप पक्कं केलं. डोळ्याला ते ४:३ सारखंच. पुढे टीव्ही आला तोही त्याच आकाराचा. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत लोक घरी बसून फुकटात बघायला लागले, थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा स्टुडिओंनी विचार केला की घरी मिळत नाही असं काहीतरी द्यायला हवं. १९५२ मध्ये तीन प्रोजेक्टर एकदम चालवणारा सिनेरामा आला. १९५३ मध्ये 'द रोब' या चित्रपटानं सिनेमास्कोप आणला. आंरी क्रेतियाँ या फ्रेंच संशोधकाच्या भिंगानं रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्याच फिल्मवर घ्यायचं आणि दाखवताना तसल्याच भिंगानं पुन्हा पसरवायचं, ही त्यातली युक्ती. सहा वर्षांत ती आपल्याकडे पोचली. गुरुदत्तचा 'कागज़ के फूल' (१९५९) हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. टीव्हीत मावू नये म्हणून मुद्दाम रुंद केलेली चित्रं पुढे टीव्हीत कोंबण्यासाठी तीस-चाळीस वर्षं कापत बसावं लागलं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा दुसरा चित्रपट याच काळातला आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त बोलते. सिनेमास्कोप वापरणारे चांगले छायाचित्रकार ती रुंदी भरून काढायचे, किंवा मुद्दाम रिकामी सोडायचे. समूहनृत्य घ्या. मध्ये नायिका आणि दोन्ही बाजूंना नर्तिकांच्या रांगा. कापल्यावर नायिका राहते, रांगा जातात आणि अंगणात एकटीच नाचल्यासारखी दिसते. हे तरी लगेच लक्षात येतं. रिकामी जागा गेली तर लक्षातही येत नाही, आणि मला वाटतं खरं नुकसान तेच. १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' मध्ये ओमर शरीफचा प्रवेश आठवतो? सगळीकडे वाळवंट, क्षितिजावर मृगजळ, त्यात एक ठिपका थरथरतोय आणि अगदी सावकाश त्याचा उंटस्वार होतो. तो चित्रपट मोठ्या फिल्मवर घेतलेला, ७० मिलिमीटरवर दाखवायचा, माप २.२०:१. त्याला ४:३ मध्ये बसवलं तर ठिपका राहीलही, पण दोन्ही बाजूंची वाळू जाईल. मग तो माणूस कोसावरून येतोय असं वाटत नाही, रस्त्यापलीकडून येतोय असं वाटतं.

आता भाऊ. त्याला सांगा की फुल स्क्रीन म्हणजे दरवेळी कापलेलंच असतं असं नाही. पुष्कळ चित्रपट फिल्मच्या जवळजवळ चौकोनी चौकटीवरच घ्यायचे आणि थिएटरात दाखवताना प्रोजेक्टरमध्ये पत्र्याची झडप लावून वरचा-खालचा भाग झाकायचे. १.८५:१ चे कितीतरी चित्रपट असेच तयार झाले. टीव्हीसाठी ती झडप काढली की फुल स्क्रीनमध्ये उलट जास्त दिसतं. याला ओपन मॅट म्हणतात. ऐकायला हे छान वाटतं, पण झाकलेला भाग झाकण्यासाठीच होता! वरून माइक डोकावतो, खाली कॅमेऱ्याचे रूळ दिसतात. एका विनोदी चित्रपटात नायक सायकलच्या छोट्याशा पेटीतून साखळी काढतो, काढतो, काढतच राहतो, संपतच नाही. रुंद चौकटीत हा झकास विनोद आहे. ओपन मॅटमध्ये पेटीच्या खालून ती साखळी आत सरकवलेली दिसते आणि जादूगाराच्या बाहीत हात घालून बघितल्यासारखं होतं. माइक दिसले नाहीत तरी प्रत्येक माणसाच्या डोक्यावर हातभर रिकामी जागा राहते. चौकट ढिली पडते, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखी.

युद्धपटात आणखी एक भानगड असू शकते. सुपर ३५ नावाच्या पद्धतीत फिल्मची पूर्ण रुंदी वापरून चित्र घेतात आणि नंतर त्यातून २.३५:१ ची पट्टी काढतात. जेम्स कॅमेरॉन यांनी 'टायटॅनिक' असाच घेतला. अशा चित्रपटांच्या फुल स्क्रीन आवृत्तीत साध्या प्रसंगांत वर-खाली जास्त दिसतं. पण स्फोट, विमानं, बुडणारी जहाजं अशी करामतीची दृश्यं बहुधा फक्त रुंद पट्टीपुरतीच तयार केलेली असतात, म्हणून तिथे नेमक्या बाजू छाटल्या जातात. युद्धपट म्हणजे अशी दृश्यंच जास्त. तेव्हा 'फुल स्क्रीनमध्ये जास्त दिसतं' असं कुणी छातीठोक सांगितलं तर ते अर्धसत्य आहे एवढं लक्षात ठेवा. ॲनिमेशनमध्ये मात्र क्वचित मनापासून काम झालेलं आहे. 'अ बग्ज लाइफ' च्या फुल स्क्रीन आवृत्तीसाठी पिक्सारनं पात्रं जवळ सरकवली, चौकट वर-खाली वाढवली, कितीतरी दृश्यं पुन्हा मांडली. पात्रं संगणकातच असल्यावर त्यांना 'जरा इकडे सरका' म्हणता येतं. माणसांना कसं म्हणणार?

भावाची खरी चूक संतपटात आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम' चंच उदाहरण घ्या. दामले-फत्तेलाल यांनी तो केला तेव्हा रुंद पडदा नावाची वस्तूच चलनात नव्हती. चौकट जवळपास चौकोनी, आणि ती त्यांनी पायापासून आभाळापर्यंत वापरलेली. असल्या चित्रपटाच्या कव्हरवर 'वाइडस्क्रीन' दिसलं तर त्याचा अर्थ कुणीतरी वरून डोकी आणि खालून पाय कापून तो नव्या टीव्हीत बसवला आहे. मापानं बोलायचं तर पाव चित्र गेलं. ही खोड नवी नाही. 'गॉन विथ द विंड' हा १९३९ चा चित्रपट १९६७ मध्ये ७० मिलिमीटरवर पुन्हा लावला तेव्हा रुंद पडदा भरण्यासाठी त्याचंही वर-खाली छाटलं होतं. पॅन अँड स्कॅन बाजूंनी मारतो, हा वरून मारतो. तेव्हा संतपट ४:३ चाच घ्या. कव्हरवर कदाचित 'फुल स्क्रीन' किंवा 'फुल फ्रेम' लिहिलेलं असेल. इथे तो शब्द खरा आहे. तुमच्या टीव्हीवर दोन बाजूंना काळे खांब येतील आणि ते तसेच असायला हवेत. हाच नियम जुन्या दूरदर्शन मालिकांना लागू होतो, त्या चौकोनीच घेतलेल्या होत्या.

म्हणून दुकानात उभं राहून 'वाइड की फुल' असं विचारू नका. चित्रपट कोणत्या सालचा आणि त्याचं मूळ माप काय, हे विचारा. १९५३ च्या आधीचा असला तर जवळजवळ नक्की चौकोनी. नंतरचा असला आणि थिएटरसाठी केलेला असला तर बहुधा रुंद, पण किती रुंद ते वेगवेगळं. युरोपातले पुष्कळ १.६६:१ चे आहेत, आणि चौकोनी चौकटीवर प्रेम करणारे दिग्दर्शक आजही अधूनमधून निघतात.

कव्हर वाचताना आणखी एक शब्द शोधा: ॲनामॉर्फिक. कुठे 'एन्हान्स्ड फॉर १६:९' असं लिहितात. अर्थ तोच: रुंद चित्र आडवं दाबून डिस्कवर भरलेलं असतं आणि रुंद टीव्हीवर ते पुन्हा पसरतं. डीव्हीडीवर चित्राच्या ५७६ आडव्या ओळी असतात, काही देशांतल्या डिस्कवर ४८०. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक डिस्क चौकोनी टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या, त्यांत काळ्या पट्ट्यासुद्धा चित्राचाच भाग म्हणून कोरलेल्या आहेत. मग २.३५ च्या चित्रपटाच्या वाट्याला ५७६ पैकी सव्वातीनशेच्या आसपास ओळी येतात, बाकीच्या काळोख साठवायला. ॲनामॉर्फिक डिस्कवर हाच आकडा साधारण ४३५ वर जातो. मोठ्या टीव्हीवर हा फरक डोळ्यांना चटकन कळतो. ॲनामॉर्फिक नसलेली वाइडस्क्रीन डिस्क रुंद टीव्हीवर लावली की चित्र चारही बाजूंनी काळ्यात बुडतं, मधोमध पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखं. बाबा तेव्हा चिडले असतील तर त्यांची बाजू घ्यायला मी तयार आहे. अशा डिस्कला टीव्हीचं झूम बटण वापरावं. फक्त सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत असतील तर झूम केल्यावर ती पडद्याबाहेर जातील. इंग्रजी युद्धपट बाबा अक्षरं वाचत बघत असतील तर हे आधी तपासा.

सगळी खरेदी करण्याआधी घरातल्या प्लेअरची सेटिंग बघून घ्या. माझी शंका आहे की निम्मी अडचण तिथेच असेल. जुना टीव्ही होता तेव्हा कुणीतरी मेनूत जाऊन पडद्याचा आकार ४:३ असा ठेवला असणार आणि नवा टीव्ही आल्यावर तो बदलायचं राहिलं असणार. तिथे 'लेटरबॉक्स', 'पॅन स्कॅन' आणि '१६:९' असे पर्याय दिसतील, त्यातला १६:९ निवडा. मग टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं त्याकडे वळा. चौकोनी चित्र खेचून पडदा भरण्याची एक सोय तिथे असते आणि कितीतरी घरांत ती कायमची चालू राहिलेली मी पाहिली आहे. सगळी माणसं आडवी फुगलेली, आणि घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली की बारीक नट प्रत्यक्षात बघितला की आजारी वाटावा. खात्री करायची असेल तर पडद्यावर चंद्र किंवा गाडीचं चाक येईपर्यंत थांबा. गोल दिसलं तर ठीक. अंडाकृती दिसलं तर बटण दाबत राहा.

आता बाबा. त्यांच्या तक्रारीत एक खरी गोष्ट आहे आणि तुमचा भाऊ तिच्याकडे साफ दुर्लक्ष करतोय. पट्ट्या आल्या की चित्राची उंची कमी होते, चेहरे लहान होतात. पंच्याहत्तरीतल्या डोळ्यांना ते लहान चेहरे आणि त्याहून लहान सबटायटल वाचायला त्रास होत असेल. जुन्या चौकोनी टीव्हीवर तर सिनेमास्कोप लावला की पडद्याची ५७ टक्केच उंची उरायची. तेव्हा 'मला पडदा भरून हवाय' असं म्हणणारा माणूस अडाणी नव्हता, त्याला मोठं चित्र हवं होतं एवढंच. रुंद टीव्हीवर ही अडचण बरीच कमी झाली, पण संपलेली नाही. उपाय साधा आहे. बाबांची खुर्ची पुढे घ्या. आपल्या घरांत टीव्ही एका भिंतीला आणि बसायची जागा समोरच्या भिंतीला, असं का कुणास ठाऊक, ठरूनच गेलेलं असतं. दोन हात पुढे सरकल्यावर जेवढं चित्र मोठं होईल तेवढं कुठलीच फुल स्क्रीन डिस्क करणार नाही.

आणि दिवा घालवा. काळी पट्टी डोळ्यात खुपते ती उजेडात, तेव्हा ती काळीसुद्धा नसते, राखाडी चमकत असते. थिएटरातही पडद्याच्या भोवती काळं कापड असायचंच, पण अंधारात ते कुणाला दिसलं नाही. बाबांनी तिथे काठांबद्दल विचारल्याचं तुम्हाला आठवतंय का?

नवऱ्याला पटवायला एक शेवटचा मुद्दा देते, तो व्यवहाराचा आहे. वाइडस्क्रीन डिस्क घेतली आणि बाबांना एखाद्या दिवशी पडदा भरूनच हवा वाटला, तर झूम दाबून भरता येतो. बाजू जातील, पण उद्या परत आणता येतील. फुल स्क्रीन घेतलीत तर छाटलेल्या बाजू कुठल्याच बटणानं परत येणार नाहीत. म्हणजे वाइडस्क्रीन घेऊन तुम्ही त्यांच्यावर काही लादत नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या हातात ठेवता.

वाढदिवसाच्या दिवशी सिनेमास्कोपपासून सुरुवात करा, त्यातही समूहनृत्याचं एखादं गाणं काढून. एकदा जसं आहे तसं चालू द्या. मग झूमचं बटण कुठलं ते बाबांना दाखवा, रिमोट त्यांच्याच हातात ठेवा आणि तेच गाणं पुन्हा लावा. काही समजावू नका. त्यांनी झूम करून ठेवलं तर ठेवू द्या, डिस्क त्यांची आहे. भावाला तेवढा वेळ काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत पाठवा.

— तुमची ताई